जीपीएलचं सॉफ्टवेअर विकायचं, पण कोणाच्या नावानं?

प्रश्न : सर, कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. जीपीएल लायसन्सच्या (म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, पुढं द्यावं अशी मुभा असलेल्या) एका बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी बिलं, उधारीचं खातं असं बरंच काम करून मी ते लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांना पेनड्राइव्हवर 4,000 रुपयांना देतो. एक गिऱ्हाईक म्हणालं, हे तर नेटवर फुकट हाय, पैसे कशाचे? मित्र म्हणतो कोडपण (सॉफ्टवेअर ज्यातून बनतं तो लिहिलेला प्रोग्रॅम) द्यावा लागेल. आणि पाटीवर मूळ सॉफ्टवेअरचं नाव, लोगो टाकला तर चालतंय का?

उत्तर : पैसे बिनधास्त घ्या. किंमत किती लावायची यावर जीपीएलमध्ये बंधनच नाही, आणि तुम्ही उधारीचं खातं बसवलंय, दुकानात जाऊन शिकवताय, अडलं की पळत जाताय, त्याचे 4,000 काही जास्त नाहीत. गिऱ्हाइकाला हे असंच सरळ सांगा, मूळ सॉफ्टवेअर नेटवर आहे हे लपवू नका.

मित्राचं बरोबर आहे, पण कोड सगळ्या जगाला वाटायचा नसतो, ज्याला सॉफ्टवेअर दिलं त्याला द्यायचा, तुमच्या बदलांसकट. सोपं काम म्हणजे त्याच पेनड्राइव्हवर कोडचा एक फोल्डर टाका, त्यात लायसन्सची फाइल ठेवा, मूळ लेखकांच्या कॉपीराइटच्या ओळी तशाच राहू देत आणि आपण बदल केलाय हे तारखेसकट लिहा. मग उद्या ते गिऱ्हाईक शेजारच्याला कॉपी देईल, देऊ दे, त्याला अडवता येत नाही आणि बिलावर ‘कॉपी करू नये’ असं छापायचं पण नाही. तुम्हालाही ते तसंच मिळालं होतं की.

खरी गोची नावाची आहे. लायसन्स कोड वापरायला देतं, नाव आणि लोगो त्यात आपोआप येत नाहीत, त्याला आपल्याकडं 1999 चा ट्रेडमार्क कायदा आहे. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत कुणी तुम्हाला पॅटर्न (ओतकामाचा नमुना) दिला, कास्टिंग काढून विका म्हणाला, म्हणून त्याच्या कंपनीचं नाव उठवून माल विकाल काय? डेबियन ही लिनक्सची एक फुकट सिस्टीम, त्यांचं बघा, फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःचे बदल करून तेच नाव वापरण्यावरून तो बनवणाऱ्या मोझिलाशी वाजलं आणि 2006 पासून पार 2016 पर्यंत ते ‘आइसवीझल’ नावानं देत होते. कोड जवळपास तोच, नाव दुसरं. आपल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअरपण जीपीएलवर आहे, पण ते नाव त्यांचं.

तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरला स्वतःचं नाव द्या आणि खाली बारीक अक्षरात ‘अमुक सॉफ्टवेअरवर आधारित’ लिहा, एवढं खरं सांगायला सहसा हरकत नसते. लोगो मात्र पाटीवर नको, बघणाऱ्याला तुम्ही त्यांचे अधिकृत डीलर वाटता कामा नये. लोगो हवाच असेल तर त्यांची ट्रेडमार्क पॉलिसी वाचा आणि मेल करून लेखी परवानगी मागा.

आजवर कोड न देता विकलं असेल तर जुन्या गिऱ्हाइकांनाही तो फोल्डर पोचवा. लायसन्स जीपीएल 3 असेल तर पहिल्यांदाच नोटीस आल्यावर 30 दिवसांत चूक सुधारली की अट मोडल्यानं गेलेले हक्क परत मिळतात, जीपीएल 2 मध्ये ही सवलत लिहिलेली नाही, म्हणून तुमच्याकडं कुठलं आहे ते आजच फाइल उघडून बघा.