वैशाखातली विहीर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी, की शाश्वत विकासाचा वर्षभराचा अभ्यासक्रम परदेशात करावा, आणि पुढे कशाला अधिक ‘स्कोप’ आहे, या विवंचनेत तू तीन पाने भरली आहेस. त्या तीन पानांत एकाही ओढ्याचे, डोंगराचे वा गावाचे नाव आले नाही, हे मला टोचले, म्हणून लगेच लिहायला बसले.

नोकरीची चिंता थोडक्यात संपवते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे या विषयातल्या माणसांना काम आहे. अभ्यासक्रम परवडेल तो घे. मात्र कुठेही गेलीस तरी एक जागा धर आणि तिथे बारा महिने जा. परदेशी गेलीस तर तिथला ओढा धर. माझ्यापाशी सांगण्यासारखे एवढेच आहे, आणि ते माझ्या चुकीची किंमत दुसऱ्यांनी मोजल्यावर मला कळले.

माझा प्रबंध पुरंदर तालुक्यातील एका गावाच्या भूजलावर होता. मी तिथे तीनदा गेले, तिन्ही वेळा जानेवारीत, कारण तेव्हा परीक्षा नसे आणि ऊन सोसवत असे. टेपच्या टोकाला वजन बांधायचे, खालच्या भागावर खडू चोळायचा, ती विहिरीत सोडायची, खडू कुठवर भिजला ते पाहून पाण्याची पातळी काढायची आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची, हे मला उत्तम येत होते. सतरा विहिरी मोजल्या, आलेख काढले आणि गावाला उन्हाळाभर पाणी पुरेल असा निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवला. त्या भरवशावर दोन घरांनी उन्हाळी कांदा लावला. तो वाळला आणि मे महिन्यात गावात टँकर आला. ज्यांच्या ओसरीवर मी जेवत असे, त्या आजी मला एवढेच म्हणाल्या, “पोरी, तू वैशाखात कधी आलीच न्हाईस.”

आपल्या काळ्या कातळात पाणी साठायला जागा थोडी. झिजलेल्या थरात आणि भेगांत जे मुरते, तेवढेच हाती लागते. म्हणून हिवाळ्यात भरलेली दिसणारी विहीर होळीनंतर झपाट्याने तळ गाठते. शासनाची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते, ते याचसाठी. मी पुस्तकात हे वाचले होते. वाचले होते, तरीही मे महिन्यात गेले नाही.

त्याच तालुक्यात नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची चाळीस एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथेच पाय रोवले. पाणी वाटून घेण्याच्या त्यांच्या ‘पाणी पंचायत’ चळवळीचे नियम त्यातून आले: पाणी जमिनीच्या मापाने नव्हे तर घरातल्या माणसांच्या मापाने, दर माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. ते अभियंता होते, उद्योजक होते; पण हे नियम कारखान्यात बसून सुचणारे नव्हते. एक जागा धरल्यावरच ते सुचतात.

पुढे मी एका सल्लागार संस्थेत पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे, म्हणजे एखाद्या प्रकल्पाने परिसरावर काय परिणाम होईल ते आधी तपासणारे, अहवाल लिहू लागले. तिथे पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती पुरते, असा रिवाज होता. कोकणातला एक जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, आम्ही एप्रिलमध्ये पाहिला आणि ‘पडीक, वनस्पती विरळ’ असे नोंदवले. श्रावणात मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा गेले, तेव्हा त्याच कातळावर बोटभर माती आणि पाणी धरून गेंद आणि सीतेची आसवे फुलली होती, डबक्यांत बेडकांची पिल्ले होती. मी अहवाल बदलायला सांगितला. तो बदलला नाही, म्हणून नोकरी सोडली. माझे सहकारी आज मोठ्या पदांवर आहेत आणि मी घाई केली, आत राहून जास्त करता आले असते, असे ते म्हणतात. असेलही. पण दुसऱ्यांदा एका ऋतूवर सही करणे मला शक्य नव्हते, आणि त्या निर्णयाचा मला आजवर एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. पश्चात्ताप आहे तो कांद्याचा.

सत्राच्या धावपळीत क्षेत्रकार्याला वेळ मिळत नाही, असे तू लिहितेस. हे कारण मला सांगू नकोस. पदवीला तुझ्या सक्तीच्या पर्यावरण अभ्यासक्रमातही पाच तासिकांइतके क्षेत्रकार्य होते, आणि तू ते दुसऱ्याच्या वहीवरून उतरवलेस, हे तूच मला सांगितले होतेस. महिन्यातला एक रविवार मी मागते आहे. बारा रविवार.

तुझे आजोळ माण तालुक्यात आहे. मामांच्या मळ्यातली विहीर धर. पहाटे, मोटर सुरू होण्याआधी मोज, कारण उपसा झालेल्या विहिरीची पातळी खरी नसते. शेजारच्यांनी त्या महिन्यात काय पेरले, कोणाचे बोअर नवे झाले, टँकर कोणत्या दिवशी आला, तेही त्याच पानावर लिही. अर्ज कुठे करायचा, ते आपण नंतर बोलू.

पुढच्या पत्रात मला त्या विहिरीच्या कठड्याची उंची कळव.

तुझी,
बाई