देणगी भरली, रिफंड मात्र जागचा हलला नाही

कर रिटर्न भरायची शेवटची तारीख, १५ एप्रिल, जवळ येऊ लागली की अमेरिकेतल्या वाचकांचे देणग्यांबद्दलचे प्रश्न हमखास येतात. त्यातले काही इथे घेतले आहेत. उत्तरं २०२५ सालच्या फेडरल (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या) रिटर्नसाठी आहेत. जिथे तसं नाही तिथे सांगितलं आहे.

प्रश्न : आम्ही नवराबायको एकत्र रिटर्न भरतो. देऊळ, महाराष्ट्र मंडळ आणि फूड बँक मिळून ४,२०० डॉलर दिले. टर्बोटॅक्स या कर भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं टाकलं, पण वरचा रिफंडचा आकडा आहे तिथेच. सॉफ्टवेअर बिघडलंय का? घराच्या कर्जाची आणि कराची माहिती अजून टाकलेली नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : बिघाड नाही, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. जोडप्याला ३१,५०० डॉलरची स्टँडर्ड (खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक) वजावट आपोआप मिळते. शेड्यूल ए (खर्च एकेक दाखवून वजावट घेण्याचा, म्हणजे आयटमाइझ करण्याचा फॉर्म) वरची बेरीज त्यापुढे जाईपर्यंत देणगीचा एक डॉलरही दिसणार नाही. म्हणून आधी बँकेचा १०९८ फॉर्म (घरकर्जाच्या व्याजाचा) आणि प्रॉपर्टी टॅक्स यांचे आकडे टाका. डब्ल्यू-२ (नोकरीच्या पगाराचा वार्षिक फॉर्म) च्या १७ व्या रकान्यातला राज्याचा कर बरोबर चढलाय का तेही बघा.

समजा, राज्याचा कर ९,००० आणि प्रॉपर्टी टॅक्स १२,५००, म्हणजे २१,५००. कर्जाचं व्याज ८,८००. झाले ३०,३००. त्यात देणगीचे ४,२०० मिळवले की ३४,५००. देणगीतले पहिले १,२०० हा ३१,५०० पर्यंतचा खड्डा भरण्यात गेले, उरलेले ३,००० कामी आले. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ६६० डॉलर वाचले. २०२४ पर्यंत हे जमत नव्हतं, कारण राज्याच्या आणि घराच्या करांना मिळून १०,००० ची मर्यादा होती. २०२५ साठी ती ४०,००० झाली आहे (उत्पन्न ५ लाख डॉलरच्या वर गेलं की कमी होत जाते). त्यामुळे ‘आपल्याला कुठे आयटमाइझ करायचंय’ म्हणून पावत्या टाकून देणाऱ्यांनी २०२५ साठी पुन्हा हिशेब करावा.

न्यू जर्सीच्या राज्य रिटर्नमध्ये अशा देणगीला वजावट नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये मात्र फेडरलला स्टँडर्ड घेऊनही राज्यात आयटमाइझ करता येतं. तिथल्या वाचकांनी फेडरलचा आकडा हलला नाही तरी देणग्या भरायच्याच.

प्रश्न : वर्षभरात थ्रिफ्ट स्टोअरला (जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानाला) तीन वेळा कपडे आणि भांडी दिली. पावतीवर फक्त ‘६ पिशव्या’ लिहिलंय, रक्कम नाही. माझ्या अंदाजाने सगळं १,८०० डॉलरचं असेल. एकच आकडा टाकला तर चालेल ना?

उत्तर : नाही, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. पावतीवर रक्कम नसणं बरोबरच आहे; किंमत देणाऱ्याने ठरवायची असते. पण वर्षाची बेरीज एका तारखेवर टाकली की एकाच दिवशी १,८०० चं सामान दिल्यासारखं दिसतं, आणि तशी पावती तुमच्याकडे नसते. प्रत्येक फेरीची वेगळी नोंद करा : संस्थेचं नाव-पत्ता, तारीख, आणि वस्तूंची यादी नगांसकट. ‘पुरुषांचे शर्ट ८, प्रत्येकी ५, प्रेशर कुकर १, १२’ इतकी ती नेमकी हवी. वस्तू चांगल्या, वापरण्याजोग्या स्थितीतल्याच धरायच्या. विटलेले टॉवेल यादीत नकोत. किंमत धरायची ती दुकानाच्या रॅकवर जुन्या मालाला मिळते ती. पैठणी घेताना ६०० डॉलर पडले असतील, थ्रिफ्ट स्टोअरला त्याचं काही नाही.

वस्तूंची वर्षाची बेरीज ५०० च्या वर गेली की वस्तुरूप देणग्यांचा फॉर्म ८२८३ लागतो. सॉफ्टवेअर तो स्वतः बनवतं, पण नोंद वस्तूंच्या भागात असेल तरच. घाईत रोख देणगीच्या रकान्यात टाकली तर आकडा शेड्यूल ए च्या १२ व्या ओळीऐवजी ११ व्या ओळीत जातो आणि फॉर्म बनतच नाही. पाठवण्याआधी या दोन ओळी उघडून बघाच. वस्तू केव्हा, कशी आणि कितीला घेतली हे रकाने ५०० किंवा त्याहून कमी किमतीच्या नोंदीला सक्तीचे नाहीत. एकाच प्रकारच्या वस्तू वर्षभरात ५,००० च्या वर गेल्या तर मात्र रीतसर मूल्यांकन करून घ्यावं लागतं, मग त्या चार संस्थांना वाटून दिलेल्या असोत.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेला ५०,००० रुपये पाठवले. ८०जी ची (भारतातल्या करवजावटीची) पावती आहे. डॉलरमध्ये करून भरू का?

उत्तर : भरू नका. देणगी अमेरिकेत नोंदलेल्या पात्र संस्थेलाच हवी. ८०जी ची पावती भारतातल्या रिटर्नला चालते, तीही जुनी करप्रणाली घेतली असेल तर. सॉफ्टवेअर कुठलंही नाव निमूट स्वीकारतं, त्यामुळे त्याने घेतलं म्हणजे चाललं असं नाही. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) संकेतस्थळावर संस्थेचा नऊ आकडी ईआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, टाकून खात्री करा. आजारी ओळखीच्या माणसासाठी ऑनलाइन गोळा केलेली वर्गणीही यात धरता येत नाही.

प्रश्न : मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं तिकीट १५० डॉलर होतं, जेवण धरून. पूर्ण रक्कम देणगी धरायची का?

उत्तर : मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करात धर्मादाय म्हणून मान्य संस्था, असेल तरच, आणि तेव्हाही फक्त मिळालेल्या मोबदल्याच्या वरची रक्कम. जेवण आणि कार्यक्रम ६० चे असतील तर ९० भरा. अशी रक्कम ७५ च्या वर असेल तर किती परत मिळालं हे लेखी कळवणं मंडळाचं काम आहे; मागून घ्या. एका वेळी २५० किंवा जास्त दिले असतील तर रिटर्न भरण्याआधी संस्थेचं पत्र हातात हवं. बँकेचं स्टेटमेंट पुरत नाही. स्वयंसेवकाच्या वेळेला वजावट नाही, गाडीला मैलामागे १४ सेंट आहेत.

प्रश्न : ३१ डिसेंबरला क्रेडिट कार्डने दिलेली देणगी कोणत्या वर्षात?

उत्तर : २०२५ मध्येच, बिल जानेवारीत भरलं तरी. जानेवारी २०२६ पासूनच्या पावत्या वेगळ्या ठेवा, कारण २०२६ चे नियम निराळे आहेत. स्टँडर्ड घेणाऱ्यालाही रोख देणगीवर १,००० पर्यंत, जोडप्याला २,००० पर्यंत वजावट मिळेल, कपड्याभांड्यांना नाही. आयटमाइझ करणाऱ्याची मात्र उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतकी देणगी आधी वगळली जाईल. दीड लाख एजीआय (करासाठी धरलं जाणारं समायोजित उत्पन्न) असेल तर पहिले ७५० डॉलर धरलेच जाणार नाहीत.