होडीचे कागद तपासताना पोलिसांनी मोबाईल उघडून व्हॉट्सअॅप दाखवायला सांगितलं तर दाखवायलाच लागतं का?

नाही दादा, नुसतं तोंडी सांगितलं म्हणून दाखवायलाच पाहिजे असं नाही. होडीचं लायसन, खलाशांची ओळखपत्रं मागितली तर द्यायचीच, 1993 ला आपल्याच रायगडातल्या शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं, 2008 ला मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातनंच आले, तेव्हा किनाऱ्यावर तपासणी होणारच आणि व्हायलाच पाहिजे. पण होडीचे कागद वेगळे नि घरातल्या बायकामाणसांचे फोटो, मेसेज वेगळे. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या 9 जजनी एकमताने सांगितलंय की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार, योग्य कारण आणि गरजेपुरतीच कारवाई पाहिजे. फोन तपासाला खरंच हवा असेल तर बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, या पोलीस तपासाच्या कायद्याच्या कलम 94 खाली पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी आदेश काढता येतो, आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग कलम 105 प्रमाणे करावं लागतं. "लपवण्यासारखं नसेल तर दाखव की" हे लोक सहज बोलतात त्याचा मला खरंच राग येतो, कारण फोन का बघायचाय हे सांगायची जबाबदारी पोलिसांची आहे, आपली नाही. हुज्जत, झटापट अजिबात नको. "साहेब, लेखी द्या" एवढंच शांतपणे म्हणा, नाव आणि बक्कल नंबर लिहून ठेवा, वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, उत्पन्न कमी असेल तर फुकट मिळतो.