प्रार्थनेला बसते आणि मन वॉर्डात जातं

रात्रपाळी संपवून त्या समुपदेशनासाठी थेट माझ्याकडे आल्या होत्या. युनिफॉर्म बदललेला, पण पायांत तेच पांढरे बूट. खुर्चीत टेकता टेकताच म्हणाल्या, "सलाम मॅडम. मी विश्वासात मागे पडलेय. देव माझ्यापासून दूर गेलाय."

वय ४३. पुण्यातल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स. माहेर नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि हे लिहायला त्यांची संमती आहे.) गेले सहा महिने त्या प्रार्थनेला बसल्या की पाच मिनिटांत मन वॉर्डात जायचं. चार नंबरच्या बेडचं सलाईन बदललं का, हँडओव्हर देताना शुगरचं सांगायचं राहिलं का, असंच सगळं. मोबाइलवर बायबल वाचनाचं ॲप होतं. रोज वाचलं की दिवसांचा आकडा वाढतो, एक दिवस चुकला की पुन्हा शून्य. त्या शून्याची त्यांना अक्षरशः धास्ती बसली होती. डोळे मिटत असले तरी रात्री पावणेबाराला अध्याय उरकायच्या आणि नंतर 'देवाला फसवलं' म्हणून रडायच्या.

त्यात आणखी एक झालं. ताण कमी व्हावा म्हणून रुग्णालयात एक कार्यशाळा झाली आणि तिथं दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. "मॅडम, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझं डोकं शांत झालं," त्या म्हणाल्या, आणि हे सांगतानाच त्यांचा चेहरा उतरला. कारण मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका वडिलांना, म्हणजे मंडळीचं काम पाहणाऱ्या ज्येष्ठांना, त्यांनी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय पुढे ठेवला. घर रिकामं, झाडून-पुसून ठेवलेलं, आणि बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. मन रिकामं करशील तर असंच होईल, असा त्यांचा इशारा होता.

"म्हणजे प्रार्थनेत मन लागत नाही, आणि जिथं लागलं ते पाप. आता मी करू तरी काय?"

हा प्रश्न माझ्याकडे अनेक तोंडांनी येतो. बाळंतिणी विचारतात, शिक्षक विचारतात, एकदा तर पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) होण्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने विचारला होता. प्रार्थनेत मन भटकतं, म्हणून देव दुरावला असं वाटतं. आणि सध्या सगळीकडे ऐकू येणारं ते माइंडफुलनेस, म्हणजे आहे त्या क्षणाकडे लक्ष देण्याचा सराव, ख्रिस्ती माणसाला चालतं का, याचीही भीती असते.

पण त्या सकाळी मी यातल्या कशालाही हात घातला नाही. आधी झोपेचं विचारलं. रात्रपाळी असेल त्या दिवसांत जेमतेम चार तास झोप. नाश्ता बहुधा नाहीच. जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्टपणे विचारलं. हा प्रश्न विचारायला कोणत्याही समुपदेशकाने संकोच करू नये. तसं काही नव्हतं. तरी थकवा फार होता, म्हणून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं. मग मी त्यांना बायबलमधल्या एलीयाची आठवण करून दिली. झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाची शांत, मंद वाणी त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर होरेब डोंगरावर आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दमलेल्या माणसाची विश्वासाची परीक्षा आपण उगाच आधी घेत बसतो.

दुसऱ्या भेटीत त्यांच्या भीतीकडे वळलो. मी काहीच लपवलं नाही. रुग्णालयांतून शिकवलं जाणारं माइंडफुलनेस १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी एका अभ्यासक्रमातून सुरू केलं. त्याची मुळं बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत, आणि ती नाहीत असं भासवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. त्या परंपरेविषयी मला आदर आहे. पण आहे त्या क्षणी जागं राहणं ही काही कुणा एकाची मिरास नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे ख्रिस्ती साधू टोपल्या विणता विणता बायबलमधल्या स्तोत्रातली एखादी ओळ पुन्हा पुन्हा म्हणत. त्यांच्याकडून शिकून आलेल्या जॉन कॅसियन यांनी तर एकच ओळ सुचवली होती, सत्तराव्या स्तोत्राची सुरुवात: देवा, मला सोडवायला त्वरा कर. उठताना, बसताना, काम करताना, मोहात, आनंदात तीच ओळ.

वडिलांनी सांगितलेला दाखलाही आम्ही दोघींनी मिळून पुन्हा वाचला. त्यात धोका घर झाडल्याचा नाही, ते रिकामं राहिल्याचा आहे. मी म्हटलं, "तुमच्या घरात कुणी राहतं की नाही?" त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "राहतो. पण मी घरी नसते."

हे वाक्य मी त्या दिवशी माझ्या नोंदीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं. सहा महिने त्या 'देव दूर गेला' म्हणत होत्या, आणि खरं काय ते आता त्यांच्याच तोंडून आलं होतं.

तेविसावं स्तोत्र त्यांना पाठ होतं, आपल्याकडे लहानपणीच ते पाठ होतं. मी विचारलं, "यात देवाला 'तो' कुठपर्यंत म्हटलंय?" त्यांनी हळूहळू म्हणून पाहिलं. हिरव्या कुरणात 'तो' आहे, संथ पाण्याजवळ 'तो' आहे. मृत्युच्छायेच्या दरीत शिरलं की एकदम 'तू माझ्याबरोबर आहेस'. एरवी देवाविषयी बोलणारा माणूस दरीत देवाशी बोलायला लागतो. आणि मराठीत ते 'तू' आपण आईला म्हणतो तसं आहे. त्यांनी तेवढेच तीन शब्द निवडले: तू माझ्याबरोबर आहेस.

ते कधी म्हणायचे, हे मात्र मला शोधावं लागलं नाही. त्यांच्या कामातच ते होतं. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिले आहेत, आणि नर्सला ते झोपेतही सांगता येतात: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, रक्त किंवा शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३०. "एका ड्युटीत किती वेळा होतं?" "मोजलं नाही, पन्नासेक तरी असेल." मठांत ठरलेल्या वेळी प्रार्थनेची घंटा होते. इथं दिवसाला पन्नास घंटा आधीच वाजत होत्या.

मी एवढंच सांगितलं, की बेसिनपाशी उभ्या राहिलात की तळपाय जमिनीला टेकलेत हे जाणवू द्या. पाणी गार आहे की कोमट, ते कळू द्या. मग ते तीन शब्द. आणि हात नीटच धुवायचे. प्रार्थनेच्या नादात बोटांच्या बेचक्या राहिल्या तर ती प्रार्थना नव्हे. पुढच्या बेडवरच्या माणसाला स्वच्छ हात मिळणं हाही त्या प्रार्थनेचाच भाग आहे. श्वासावर लक्ष द्यायला मी सांगितलं नाही. श्वासात वाईट काही आहे म्हणून नव्हे; बायबलमध्ये श्वास, वारा आणि आत्मा या तिन्हींसाठी 'रूआह' हा एकच हिब्रू शब्द येतो. पण ज्यांना दिवसभर व्हेंटिलेटरचे अलार्म ऐकावे लागतात, त्यांची स्वतःच्या श्वासाकडे पाहतानाही कधी कधी धडधड वाढते. अशा वेळी डोळे उघडे ठेवून पाय, हात, समोरची एखादी वस्तू यांच्याकडे लक्ष नेणं जास्त सुरक्षित असतं.

इथं माझी एक चूक झाली. आठवण राहावी म्हणून मी त्यांना लहान वही दिली, म्हटलं, जमेल तेव्हा नोंद करा. तीन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या तेव्हा पानं रेघांनी भरलेली होती. सोमवारी १९, मंगळवारी २६, बुधवारी ७. बुधवारच्या आकड्याभोवती लाल गोल. ॲपमधला शून्य मी माझ्या हाताने त्यांना वहीत आणून दिला होता. ज्या माणसाला स्वतःला दोष द्यायची सवय आहे, त्याच्या हातात मोजमाप द्यायला नको होतं. हे मला आधीच कळायला हवं होतं. मी त्यांची माफी मागितली आणि वही परत घेतली.

मग त्यांना ब्रदर लॉरेन्स यांच्याबद्दल सांगितलं. सतराव्या शतकातले, पॅरिसच्या कार्मेल मठातले एक साधे बंधू. त्याआधी सैनिक, पायाला जखम झालेली. मठात वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबले, पुढे सँडल दुरुस्त करायचं काम केलं, १६९१ साली वारले. भांड्यांच्या गोंगाटातही देवाच्या सान्निध्यात राहणारा माणूस म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण स्वयंपाकघराच्या कामाची त्यांना मुळात नावड होती, आणि पहिली दहा वर्षं फार त्रासाची गेली असं त्यांनी स्वतः पत्रात लिहून ठेवलं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. देवाचा विसर पडला की ते चूक कबूल करत आणि परत वळत, तिथंच कुढत बसत नसत. "दहा वर्षं?" त्यांनी दोनदा विचारलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना खरा दिलासा या आकड्यानेच दिला.

त्याच भेटीत त्यांना त्यांची आजी आठवली. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे 'एकांतवाचन' वगैरे तिच्या आयुष्यात नव्हतंच. पहाटे चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी थापायची आणि प्रत्येक भाकरी तव्यावर टाकताना पुटपुटायची, "आजची दे, बाबा." प्रभूच्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ तिने अशी आपल्या हाताला बांधून घेतली होती. "आम्ही पोरं हसायचो तिला," त्या म्हणाल्या. त्या ओळीत 'आज' हा शब्द आहे, याकडे त्यांचं लक्ष तेव्हा पहिल्यांदा गेलं. उद्याची भाकर मागायला येशूने शिकवलंच नाही.

सहाव्या भेटीला त्या आल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. आदल्या आठवड्यात त्यांच्या बेडवरचे एक आजोबा गेले होते. मुलगा परगावाहून निघाला होता, पण वेळेत पोचू शकला नाही. शेवटची वीस मिनिटं या त्यांचा हात धरून उभ्या होत्या. कपाळावरून ओला कापूस फिरवत होत्या, "मुलगा निघालाय, बाबा" असं सांगत होत्या. "आणि मॅडम, मला देव आठवलाच नाही. एक शब्द नाही. ते तीन शब्दसुद्धा नाही. घरी गेल्यावर लक्षात आलं. ज्या वेळी सगळ्यांत जास्त गरज होती, तेव्हाच मी विसरले."

मी मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढून त्यांच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. 'आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात', इथपर्यंत त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. पुढे नीतिमान लोक विचारतात, प्रभू, आम्ही तुला आजारी केव्हा पाहिलं? तिथं त्या थांबल्या.

"त्यांना माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

"त्यांना त्या वेळी आठवलाही नव्हता तो."

मी काही बोलले नाही. पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडंच होतं. त्या रडल्या, आणि या वेळचं रडणं वेगळं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर ते मी ठामपणे म्हणते. देवाचं जवळ असणं आपल्या लक्षावर टांगलेलं नाही. बायबलमधला याकोब उशाशी धोंडा घेऊन झोपला, उठल्यावर म्हणाला की परमेश्वर इथं होता आणि मला कळलंच नाही. त्याला कळलं नव्हतं, तेव्हाही परमेश्वर होताच. आपण लक्ष देतो तो त्याच्या असण्याला दिलेला प्रतिसाद असतो. मन भटकलं आणि ध्यानात आलं, की ध्यानात आलेला तो क्षण परत वळण्याचाच असतो. मन दहा वेळा भटकलं तर दहा वेळा वळता येतं. आणि एखाद्या रात्री एकदाही वळता आलं नाही, तरी कुणाचा तरी हात हातात असतो.

त्या वडिलांशीही त्या नंतर बोलल्या. त्यांना सगळं पटलं नाही. 'ओळ मात्र शास्त्रातलीच ठेव' एवढं म्हणाले, आणि त्यावर दोघांचं एकमत झालं. तपासणीत हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. गोळ्या चालू झाल्या, आणि रात्रपाळीनंतर दुपारपर्यंत झोपू द्यायचं हे घरच्यांनीही मान्य केलं. सकाळची प्रार्थना दहा मिनिटांवर आली. मन अजूनही वॉर्डात जातं. आता त्या त्याच्या मागोमाग जातात आणि चार नंबरच्या बेडवर जो असेल त्याच्यासाठी प्रार्थना करतात.

शेवटच्या भेटीला त्या दुपारपाळीआधी आल्या होत्या, हातात डबा होता. निघताना दाराशी थांबून म्हणाल्या, "ॲपचा आकडा तुटला, मॅडम. २३ दिवसांवर."

"केव्हा?"

"तेच सांगतेय. तुटल्याचं मला तीन दिवसांनी कळलं." मग घड्याळ पाहून त्या घाईने जिना उतरल्या.