तो जॅग्वार, ती जॅग्वार, ते जॅग्वार

मुद्रितशोधन करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आला आहे. दिवाळी अंकासाठी जुन्या ब्रिटिश मोटारींवरचा एक लेख तिच्याकडे तपासायला आहे. त्यात एकाच पानावर ‘जॅगुआरने’, ‘जग्वारची’ आणि ‘जॅग्वारीतून’ अशी तीन रूपं आहेत. कोणतं ठेवायचं? लेखकानं पहिल्या उल्लेखापुढे कंसात ‘चित्ता’ असंही लिहिलंय, ते चालेल का? आणि हा शब्द मुळात कुठला?

चित्ता आधी खोड. बाकीचं सावकाश बघू.

जॅग्वार हा अमेरिका खंडातला प्राणी, मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंतचा. आपल्याकडे तो कधीच नव्हता, त्यामुळे त्याला मराठी नाव नाही, आणि नसलं म्हणून बिघडतही नाही. फोटो समोर असेल तर ठिपके बघावेत. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात, शाईची बोटं उमटवल्यासारखे. बिबट्याच्या अंगावर पोकळ कडी असतात. जॅग्वारचीही कडीच, पण त्यातल्या बऱ्याच कड्यांच्या पोटात आणखी एकदोन बारीक टिंबं असतात. शिवाय तो बिबट्यापेक्षा थोराड, आखूड पायांचा आणि जबड्यानं दणकट. अगदी समजावून सांगायची वेळ आली तर ‘बिबट्यासारखा दिसणारा’ म्हणावं, पण चित्ता म्हणू नये. गंमत म्हणजे चित्त्याचं इंग्रजी नाव आपल्याकडूनच तिकडे गेलंय. संस्कृत चित्रक, त्यावरून हिंदी चीता, आणि साहेबानं तोच उचलला.

जॅग्वारचा प्रवास उलट्या दिशेचा. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी लोकांच्या भाषेत ‘यग्वारा’ म्हणजे शिकारी जनावर. पोर्तुगीज आले ते कुत्री घेऊन. तुपी लोकांनी कुत्री कधी पाहिलेली नव्हती. दात असलेलं, मांस खाणारं जनावर म्हणून त्यांनी कुत्र्यालाही तेच नाव दिलं. मग जंगलातल्या मूळ मालकाचं काय करायचं? त्याला ‘यग्वारेते’ म्हणायला लागले, म्हणजे ‘खरा यग्वारा’. तुपीची बहीणभाषा ग्वारानी पॅराग्वेत आजही घरोघर बोलली जाते. तिच्यात ‘जग्वा’ म्हणजे साधा कुत्रा, आणि ‘जग्वारेते’ म्हणजे आपला हा जॅग्वार. पाहुण्यानं येऊन यजमानाचं नाव बळकावलं आणि यजमानाला स्वतःच्या नावापुढे ‘अस्सल’ लावावं लागलं! (‘एका झेपेत मारणारा’ असा या शब्दाचा अर्थ बऱ्याच ठिकाणी छापलेला दिसतो. जाहिरातीला तो शोभतो. व्युत्पत्ती म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.)

तुपी हे नाव ऐकून फार लांबचं काही वाटलं असेल, तर स्वयंपाकघरात डोकाव. काजू तुपीच आहे, मुळात ‘अकाजू’. अननसही त्याच भाषाकुळातल्या ‘नाना’पासून आला. दोन्ही शब्द पोर्तुगीज जहाजांतून फळांसकट या किनाऱ्याला लागले. म्हणजे जॅग्वारचे दोन सख्खे भाऊ गोव्यात आणि कोकणात कधीचे नांदताहेत, एकाची तर आपण उसळही करतो. जॅग्वार मात्र आपल्याकडे थेट आला नाही. पोर्तुगीजमधून तो इंग्रजीत गेला, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात त्याला चार चाकं लागली, आणि मग आला.

आता लेखन. पोर्तुगीज माणूस पहिला वर्ण जवळजवळ ‘झ’सारखा उच्चारतो आणि पुढे ‘ग्वार’ म्हणतो. अमेरिकन ‘जॅग्वार’ म्हणतो. खुद्द इंग्लंडात, जिथे ही गाडी जन्मली तिथे, ‘जॅग्यूअ’ असं तीन तुकड्यांत म्हणतात आणि शेवटचा र गिळून टाकतात. लाडात आले की नुसतं ‘जॅग’. म्हणजे ‘मूळ उच्चार ठेवा’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं लागेल, कुणाचा मूळ? कारखान्याचा धरला तर ‘जॅग्यूअर’ लिहावं लागेल, आणि ते मराठीत कुणी लिहीत नाही. ‘जॅगुआर’ हे रोमन अक्षरं एकेक करून वाचल्यावर होणारं रूप आहे. ते ना ब्रिटिशाच्या तोंडात आहे, ना अमेरिकनाच्या, ना आपल्या.

उरले ‘जग्वार’ आणि ‘जॅग्वार’. वर्तमानपत्रांत ‘जग्वार’ पुष्कळ दिसतं, लिहायला सुटसुटीतही आहे. माझी अडचण वेगळी आहे. मराठीत ज दोन आहेत आणि अक्षर एकच. आपण ज्यात राहतो ते जग, आणि जेवताना पाण्यानं भरून ठेवतो तो जग, हे दोन्ही मोठ्यानं म्हणून बघ. पहिल्यात जीभ दातांमागे जाते, दुसऱ्यात टाळूला लागते. शब्दाच्या सुरुवातीला ‘ज’ला कानामात्रा काही नसली की मराठी जीभ बऱ्याचदा पहिल्या वाटेनं जाते: जगणं, जखम, जड, जमीन. माझ्या भाचीला ‘जग्वार’ हा शब्द वाचायला दिला तर तिनं तो चक्क जगण्यातल्या ज-नं वाचला, आणि ऐकणाऱ्याला तो कुठल्याशा आडनावासारखा लागला. अर्धचंद्र दिला की हा घोटाळा होत नाही. जॅकेट, जॅम, जॅक यांतला ज कुणीही चुकवत नाही. म्हणून माझं मत ‘जॅग्वार’ला. अमेरिकन उच्चाराशी ते जुळतं हा योगायोग.

लेख मोटारींवरचा आहे म्हणून नाव गाडीला कसं चिकटलं ते सांगते, कारण तुझ्या पानावरची सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे.

१९२२मध्ये ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली या दोघांनी मोटारसायकलींच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. लायन्स त्या वर्षी जेमतेम २१चा झाला होता. दोघांच्या वडिलांनी हमी भरली म्हणून बँकेनं हजार पौंड दिले. कंपनीचं नाव स्वॉलो साइडकार. स्वॉलो म्हणजे आपला भिंगरी पक्षी. पुढे ते दुसऱ्यांच्या मोटारींवर आपली देखणी बॉडी चढवून विकू लागले. १९२७ची ऑस्टिन सेव्हन स्वॉलो ही त्यातली गाजलेली. १९२८मध्ये बिऱ्हाड कॉव्हेंट्रीला हललं आणि १९३१मध्ये एस. एस. १ नावाची लांब नाकाची, जमिनीलगत बसलेली गाडी आली. तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, स्टँडर्ड कंपनीची. मग एस. एस. म्हणजे स्टँडर्ड स्वॉलो की स्वॉलो स्पेशल? हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मला वाटतं लायन्सला तो मिटवायचाच नव्हता.

१९३५मध्ये नव्या मालिकेला भारदस्त नाव हवं होतं. लायन्सनं जाहिरातवाल्यांकडून प्राणी, पक्षी आणि मासे यांच्या नावांची यादीच मागवली आणि त्यातून ‘जॅग्वार’ उचललं. कारण त्यानं स्वतः सांगितलंय: त्याचा एक मित्र विमानांच्या इंजिनांवर काम करायचा, आणि त्याच्या तोंडून जॅग्वार नावाच्या इंजिनाच्या गोष्टी लायन्सनं ऐकल्या होत्या. हे इंजिन कॉव्हेंट्रीतल्याच आर्मस्ट्राँग सिडली कंपनीचं. म्हणजे गाडीचं नाव जंगलातून आलंच नाही, शेजारच्या कारखान्यातून आलं, तेही रीतसर परवानगी मागून. या आर्मस्ट्राँगवाल्यांना मार्जारकुळाचं भारी वेड: लिंक्स, पँथर, टायगर, लेपर्ड अशी त्यांच्या इंजिनांची नावं. आणि त्यांच्याकडे चीता नावाचंही एक इंजिन होतं! तेव्हा तुझ्या लेखकाचा कंस या गोष्टीत तर दुहेरी घोळ घालणार.

सप्टेंबर १९३५मध्ये एस. एस. जॅग्वार लोकांपुढे आली. नीट बघ, कंपनीचं नाव एस. एस. कार्स आणि गाडीचं जॅग्वार, जशी टाटांची इंडिका. नाकावरची झेप घेणारी मूर्तीही लगेच आली नाही. आधी कुणीतरी विकायला काढलेली मूर्ती बघून लायन्स वैतागला, ‘कुंपणावरून उडवलेल्या मांजरासारखी’ दिसते म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. मग गॉर्डन क्रॉस्बी या मोटारचित्रकाराकडून नीट घडवून घेतली.

दरम्यान जर्मनीत हिटलरच्या काळ्या गणवेशातल्या एस. एस. या संघटनेनं जे केलं ते केलं. १९४५च्या मार्चमध्ये, युरोपातलं युद्ध संपायला दोनेक महिने असताना, लायन्सनं ती दोन अक्षरं पुसली आणि कंपनीचंच नाव जॅग्वार कार्स ठेवलं. भिंगरी उडाली, मांजर राहिलं.

पुढचा इतिहास तुझ्या लेखात असेलच: १९४८ची एक्सके १२०, फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीतले १९५१ ते १९५७मधले पाच विजय, १९६१ची ई-टाइप. नंतरचं मालकीपुराण कंटाळवाणं आहे. १९६६मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन, १९६८मध्ये ब्रिटिश लेलँड, १९७५मध्ये सरकारी, १९८४मध्ये पुन्हा खासगी, १९८९मध्ये फोर्डकडे, आणि २००८मध्ये लँड रोव्हरसकट टाटांकडे. २०११मध्ये पुण्यात लँड रोव्हरची जोडणी सुरू झाली, नंतर जॅग्वारचीही, आणि हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या अर्थपानावर रोजचा झाला.

रोजचा झाला तसा तो मराठीच्या लिंगव्यवस्थेत जाऊन बसला, आणि मला सगळ्यात मजा इथे वाटते. इंग्रजीत हा शब्द एकच. मराठीत त्याचे तीन झाले. प्राणी असेल तर वाघ-बिबट्याच्या पंगतीतला म्हणून ‘तो जॅग्वार झाडावर चढला’. मोटार असेल तर ‘ती जॅग्वार दारात उभी आहे’, आणि कंपनीही ‘ती’च. हवाई दलात १९७९पासून असलेलं ब्रिटिश-फ्रेंच बनावटीचं विमान असेल, तर ‘ते जॅग्वार कोसळलं’. (हवाई दलानं त्याचं नाव शमशेर ठेवलंय, पण बातमीत ते क्वचितच येतं.) लायन्सनं ज्यावरून नाव घेतलं ते इंजिनही ‘ते’च. हे कुणी शिकवत नाही. परका शब्द आला की मराठी माणूस न विचारता त्याच्या मागे आपला शब्द धरतो, वाघ, गाडी किंवा विमान, आणि त्याचं लिंग त्याला देतो. ट्रक आणि टेम्पो पुल्लिंगी का राहिले हा प्रश्न मला विचारू नकोस, तो वेगळा आणि भांडणाचा आहे.

मागे कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्नाला गेले होते. रखवालदार माइकवरून ओरडत होता: ‘पाठीमागं वाघ उडी मारतोय ती पांढरी गाडी कुनाची हाय, ती काढा!’ एका वाक्यात ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही, नावाचा पत्ता नाही, आणि मालक धावत आला.

राहिलं ‘जॅग्वारीतून’. मोटार शब्द आपल्यात मुरला म्हणून त्याचं मोटारीतून झालं, दोन मोटारी झाल्या. विशेषनामाला आपण इतक्या लवकर हात लावत नाही: मर्सिडीजमधून, दोन मर्सिडीज. तसंच जॅग्वारमधून, जॅग्वारला, दोन जॅग्वार. प्राण्याच्या बाबतीत ‘जॅग्वाराच्या अंगावर’ असं कुणी लिहिलं तर मी खोडणार नाही, वाघाच्या चालीवर ते कानाला बरं लागतं. गाडीला ‘जॅग्वारी’ मात्र लावू नये, एखाद्या खाद्यपदार्थाचं नाव वाटतं.

आणखी एक. लेखाच्या शेवटी २०२४च्या नव्या बोधचिन्हाचा उल्लेख आहे, त्यात कंपनीनं लहान आणि मोठी रोमन अक्षरं मिसळली आहेत. लेखकानं ते देवनागरीत दाखवायला काही अक्षरं जाड केली आहेत. ती साधी कर. आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर नाही, तर ते सोंग कशाला? वाक्यात सांगितलेलं पुरे.

तर पानभर ‘जॅग्वार’ कर, कंसातला चित्ता काढ, ‘जॅग्वारीतून’चं ‘जॅग्वारमधून’ कर. आणि दुसऱ्या परिच्छेदातलं ‘१९३५ साली जॅग्वार कंपनीने आपली पहिली गाडी बाजारात आणली’ हे वाक्य लेखकाला दाखवून बदलून घे. १९३५मध्ये जॅग्वार नावाची कंपनीच नव्हती. ‘एस. एस. कार्स या कंपनीने जॅग्वार नावाची पहिली गाडी आणली’ असं हवं.