दोन पगार आणि एप्रिलमधला धक्का

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. माझं एच-४ ईएडी (नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला मिळणारा नोकरीचा परवाना) आलं आणि जानेवारी २०२४ पासून मी नोकरीला लागले. ह्यांचा पगार ९० हजार, माझा ८०. पगारातून टॅक्स किती कापायचा हे ऑफिसला सांगणाऱ्या डब्ल्यू-४ फॉर्मवर मी ‘मॅरीड फायलिंग जॉइंटली’ला (म्हणजे नवरा-बायको मिळून एकच रिटर्न) टिक केलं, सही ठोकली, झालं. ह्यांचाही आधीपासून तसाच. दर पगारातून टॅक्स कापला जात होता, तरी रिटर्न भरताना आणखी साडेआठ हजार डॉलर भरायचे निघाले! ऑफिसने घोळ घातला का? आता जून २०२५ मध्ये काही करता येईल का? आणि पुण्यातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीचं व्याज धरायचं का?

उत्तर : ताई, ऑफिसने काही घोळ नाही घातला, तुम्ही जे लिहून दिलंत तेच त्यांनी केलं. तुमच्या ऑफिसला ह्यांचा पगार माहीत नाही आणि ह्यांच्या ऑफिसला तुमचा, त्यामुळे दोन्हीकडे धरलं गेलं की घरात कमावणारं माणूस एकच, आणि जोडप्याला २०२४ साली मिळणारं २९,२०० चं स्टँडर्ड डिडक्शन (टॅक्स न लागणारी ठरावीक रक्कम) दोघांनीही पूर्ण वजा केलं. १० आणि १२ टक्क्यांचे स्लॅबही दोन्हीकडे पहिल्यापासून मोजले. म्हणजे ह्यांचे साधारण ६,८३२ कापले, तुमचे ५,६३२, मिळून १२,४६४. दोन्ही पगार एकत्र केले की वरचे साडेशेहेचाळीस हजार २२ टक्क्यांत जातात आणि खरा टॅक्स होतो २१,०८२. तुमचे साडेआठ हजार ते हेच.

फॉर्मच्या स्टेप २ मध्ये (सी) म्हणून एक बारकासा चौकोन आहे, कुणाचं लक्षच जात नाही तिकडे. तो दोघांनीही टिक करायचा, एकानेच नाही. मग डिडक्शन आणि स्लॅब निम्मे निम्मे होतात, आणि तुमच्यासारखे जवळजवळ सारखे पगार असले तर हिशोब अगदी तंतोतंत बसतो, मी करून बघितला. एकाचा पगार खूप मोठा असेल तर मात्र उगाच जास्त कापतात, तेव्हा आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) साइटवरचा, हिशोब करून देणारा एस्टिमेटर वापरलेला बरा. आणि ‘झिरो लिही, नाहीतर वन लिही’ सांगणाऱ्या जुन्या मंडळींचं ऐकू नका, ते अलाउन्स (टॅक्स कमी-जास्त कापायला लिहायचे आकडे) २०२० च्या नव्या फॉर्ममध्ये उरलेच नाहीत.

दर दोन आठवड्यांनी पगार धरला तर जून म्हणजे २६ पैकी १२ पगार झालेसुद्धा. तेवढ्यात कापायचे राहिलेले जवळपास ४ हजार उरलेल्या १४ पगारांत वाटले तर दर वेळी २८५ च्या आसपास येतात, ते ४(सी) मध्ये (दर पगारातून जादा कापायची रक्कम लिहायची जागा) एकाच्याच फॉर्मवर टाका आणि जानेवारीत आठवणीने काढा. टाळाटाळ करू नका हं. पहिल्या वर्षी कमी टॅक्स कापल्याचा दंड लागला नाही कारण आदल्या वर्षीच्या एकूण टॅक्सपेक्षा जास्त कापून गेलं होतं, यंदा ती पळवाट नाही, यंदाच्या टॅक्सचे ९० टक्के किंवा गेल्या वर्षीच्या टॅक्सचे ११० टक्के भरलेले लागतील. न्यू जर्सी राज्याच्या टॅक्ससाठीचा फॉर्म, एनजे-डब्ल्यू४, वेगळा असतो, तोही बघून घ्या.

आता एफडी. बँकवाला ‘टॅक्स फ्री’ म्हणतो ते भारतापुरतं, अमेरिकेत ते व्याज रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. वर्षाचा आकडा डब्ल्यू-४ च्या ४(ए) मध्ये (इतर उत्पन्नाची जागा) टाका, पण ह्यांच्याच फॉर्मवर, पगार त्यांचा जास्त म्हणून, दोन्हीकडे टाकलंत तर आत्ताच्या उलटा घोळ होईल.