'फारसी' या नावाने नोकरी शोधू नकोस

प्रश्न : मी सांगलीत बीएस्सी कम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोडीच्या वर्गाला जायचे तेव्हा कागदांतली फारसी अडायची, म्हणून ऑनलाइन फारसी शिकायला लागले आणि त्यातच रमले. इंग्रजी तारखा इराणी तारखांत बदलणारं एक छोटं ॲप केलं आहे. बाकी सगळं बरोबर येतं, पण २० मार्च २०२५ पासून पुढचं वर्षभर ते एक दिवस पुढची तारीख दाखवतं. कारण सापडत नाही. शिवाय फारसी नावांची यादी केली आहे, त्यात काही नावं डोळ्यांसमोर असूनही सर्चमध्ये येत नाहीत. मला हेच काम करायचं आहे. बाबा म्हणतात, इराणशी व्यवहारच होत नाहीत, तुला नोकरी कोण देणार? सरळ एमसीए कर आणि कॅम्पसमधून मिळेल ती घे. मी फारसीत एमए करू का?

उत्तर : आधी तुझं ॲप बघू. करिअरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

इराणचं सौर हिजरी वर्ष वसंतसंपातावर, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या क्षणावर चालतं. संपाताचा क्षण तेहरानच्या प्रमाणवेळेनुसार दुपारी बाराच्या आधी आला तर तोच दिवस १ फर्वर्दीन, म्हणजे नवरोज. बारानंतर आला तर नवरोज दुसऱ्या दिवशी. २०२५ साली तो २० मार्चला, तिथल्या घड्याळात १२ वाजून ३१ मिनिटांनी आला. एवढ्या अर्ध्या तासामुळे १४०३ हे वर्ष ३६६ दिवसांचं ठरलं, एस्फंद या शेवटच्या महिन्याला तिसावा दिवस मिळाला आणि १४०४ सुरू झालं २१ मार्चला. तू बहुधा २,८२० वर्षांच्या चक्राचं सूत्र वापरलं आहेस. त्या सूत्रात लीप वर्ष १४०३ ऐवजी १४०४ येतं. त्यामुळे तुझं ॲप २० मार्चलाच नवरोज करून मोकळं होतं आणि २०२६ च्या नवरोजपर्यंत एक दिवस पुढे राहतं. २१ मार्च २०२६ ला गाडी आपोआप रुळावर येते, म्हणून चूक हाती लागत नाही. ३३ वर्षांत ८ लीप वर्षं धरणारं सूत्र लाव, आपल्या काळापुरतं ते चालतं. त्याहून चांगलं म्हणजे संपाताच्या वेळांचा तक्ता घेऊन पडताळा कर.

पडताळ्यात १९७६ ते १९७८ हा काळ विसरू नकोस. तेव्हा शाहच्या सरकारने सन मोजायची सुरुवातच बदलली होती, १३५५ च्या जागी एकदम २५३५ आलं. त्या दोन-अडीच वर्षांतल्या कागदांवर असे आकडे असतात, आणि ते पाहून कोरा चेहरा करणारी सॉफ्टवेअर मी पाहिली आहेत. अफगाणिस्तानात याच सौर वर्षाच्या महिन्यांना राशींची नावं आहेत : हमल, सौर, जौझा. तुझ्या ॲपला तीही समजायला हवीत.

आता न सापडणारी नावं. 'हमीद' घे. त्यातला 'ये' फारसी कळफलकावरून टाइप केला तर एक अक्षर पडतं, अरबी कळफलकावरून केला तर दुसरं. शब्दाच्या मध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे कम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं आहेत. 'काफ'चं तसंच. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, इथे कामाला येत नाही, कारण त्या नियमांत ही अक्षरं खरोखरच भिन्न आहेत. शोधण्याआधी दोन्ही बाजूंची अक्षरं एका रूपात आणण्याचं काम तुलाच लिहावं लागेल. अंकांनाही तेच कर. फारसी अंक आणि अरबी अंक हे दोन वेगळे संच आहेत, डोळ्यांना फरक दिसतो तो मुख्यतः ४, ५ आणि ६ मध्ये.

हे दोष ज्याला शोधता येतात त्याला चांगल्या कंपन्या पगार देतात. फक्त त्या कामाचं नाव 'फारसी' नसतं. जाहिरातीत लोकलायझेशन इंजिनिअर, इंटरनॅशनलायझेशन, टेक्स्ट रेंडरिंग, सर्च क्वालिटी असले शब्द असतात. 'पर्शियन' टाकून नोकरी शोधलीस तर भाषांतराची थोडी फुटकळ कामं दिसतील आणि तू निराश होशील. भाषांतर तुझं क्षेत्र नाही, हे मी स्पष्टच सांगते. ते ज्यांच्या घरात फारसी बोलतात त्यांनी करावं. तुझी किंमत आहे ती यंत्राला दुसऱ्याची लिपी नीट वागवायला लावण्यात.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. निर्बंधांमुळे इराणमधून पैसे येणं अवघड आहे, बऱ्याच भारतीय कंपन्या त्या वाटेला जात नाहीत, आणि तूही तिथलं एखादं किरकोळ काम थेट घेण्याआधी बँकेत आणि सीएकडे विचार. पण फारसी वापरणारे सगळे इराणमध्ये राहत नाहीत. लॉस एंजेलिस, टोरांटो, जर्मनीतली शहरं इथे मोठ्या संख्येने इराणी कुटुंबं आहेत, अफगाणिस्तानात दरी, म्हणजे फारसीचंच तिथलं रूप, बोलतात, आणि याच लिपीच्या कुळातली उर्दू तर आपल्या शेजारच्या गल्लीत आहे. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्या सांभाळाव्याच लागतात. तिथे वाक्य उजवीकडून वाचायचं, पण त्यातला फोन नंबर डावीकडून, आणि कंस कुठल्या कुठे उडतात. मराठीत काम करून हे कधीच कळत नाही, तुला ते आधीच कळलं आहे.

एक गोष्ट मात्र मराठीतून थेट तिकडे जाते, आणि मुलाखतीत मी तुझ्या जागी असते तर तीच दाखवली असती. फारसीत 'मला हवंय' याला 'मी-ख़ाहम' म्हणतात. त्यातला 'मी' हा क्रियापदाचा उपसर्ग आहे, तो पुढच्या अक्षराला चिकटता कामा नये आणि पूर्ण जागाही सुटता कामा नये. स्पेस दिली तर ओळीच्या शेवटी शब्द तुटतो, काहीच दिलं नाही तर अक्षरं जोडली जाऊन शब्द ओळखू येत नाही. म्हणून मध्ये एक न दिसणारं चिन्ह टाकतात. इराणी लोक त्याला 'नीम-फासले' म्हणतात, युनिकोडमध्ये ते झिरो विड्थ नॉन-जॉइनर. 'क्ष' न होऊ देता 'क्‌ष' असं दाखवायला आपण देवनागरीत टाकतो ते हेच चिन्ह, तोच क्रमांक. इराणच्या मानक संस्थेच्या ९१४७ क्रमांकाच्या कळफलकावर ते शिफ्ट आणि स्पेस दाबून येतं. विंडोजमध्ये 'पर्शियन (स्टँडर्ड)' निवड, जुना नको. आणि अक्षरं पडद्यावर नीट जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी बघ. मूळ इराणी प्रोग्रामर बेहदाद एस्फहबोद यांनी ती वाढवली. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस तीच वापरतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक अँड्रॉइड फोनवर नीट दिसतो तो याच लायब्ररीमुळे. तिचा कोड खुला आहे. मराठी आणि फारसी अशा दोन्ही बाजूंनी तो तपासू शकणारी माणसं फार थोडी आहेत.

म्हणून एमए आत्ता नको. जेएनयू, अलीगढ, दिल्ली विद्यापीठ इथे फारसीचं शिक्षण आहे आणि ते कुठे पळून जात नाही. दोन वर्षं नोकरी करून मग जावंसं वाटलं तर जा, तेव्हा तुझ्या प्रश्नांना धार असेल. एमसीएला मी नाही म्हणणार नाही. मात्र प्रोजेक्टचा विषय दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नकोस, तो लिपी आणि शोध यांवरचाच घे. संशोधनाचा कल वाटला तर हैदराबादच्या ट्रिपल आयटीतलं भाषातंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी मुंबईतलं भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र ही नावं लिहून ठेव. पुण्यात सी-डॅकच्या जिस्ट गटाने देवनागरीबरोबर उर्दू, सिंधी, काश्मिरीसाठीही सांकेतिक प्रणाली केली होती, त्यांची कामंही बघत जा.

मोडीचं काय, असं तू पत्रात विचारलं नाहीस, पण ते सुटू नये असं मला मनापासून वाटतं. पुण्याचं पेशवे दफ्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ, हैदराबादचं राज्य अभिलेखागार इथे फारसी कागदांचे ढीग आहेत. त्यातलं बरंचसं शिकस्ता वळणात लिहिलेलं, भल्याभल्यांना न वाचता येणारं. हे काम प्रकल्पापुरतं मिळतं, दर महिन्याचा पगार त्यावर बांधू नये. पण तुझ्या ॲपमध्ये मराठ्यांच्या कागदांत येणारा शुहूर सन घालण्यापासून तुला कोण अडवतंय? शुहूर वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतर ६००. अडचण पुढे आहे. वर्ष सूर्याचं, पण 'छ १२ रबिलाखर' ही तारीख चंद्राची. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे एकाच शुहूर सनाच्या दोन टोकांना तीच तारीख दोनदा येऊ शकते. अशा ठिकाणी ॲपने गुपचूप एक उत्तर निवडू नये, दोन्ही द्यावीत आणि वार जुळवून बघायला सांगावं. इतिहासाच्या अभ्यासकांना हे साधन रोज लागेल.

बायोडेटात 'फारसी येते' एवढंच लिहू नकोस. १४०४ ची चूक कशी सापडली आणि कशी दुरुस्त केली, हे चार ओळींत लिही, खाली कोडची लिंक दे. युनिकोडच्या सीएलडीआर प्रकल्पात महिन्यांची नावं, अंक, तारखांचे साचे भाषावार तपासले जातात. तिथे मराठीसाठी नाव नोंदव, आणि फारसीत काही खटकलं तर दोष म्हणून कळव, स्वतः बदलू नकोस. एमसीएच्या सीईटीचा अर्ज भर, आणि भरल्यावर बाबांना बसवून ॲप चालवून दाखव, आधी चुकीचं आणि मग दुरुस्त केलेलं.